भिंतीला पोट आले त्याची नोंद

बुधवार, ता. ४

रोजनिशी लिहिण्याची मला सवय नाही आणि हौसही नाही. लिहावे लागते आहे, कारण गोठ्याच्या मागच्या भिंतीला तडा गेला आहे. जुन्या वास्तूंच्या कार्यालयातून आलेल्या इंजिनिअर बाईने त्या तड्यावर काचेच्या तीन पट्ट्या आडव्या चिकटवल्या आणि बजावले, की रोज सकाळी पाहायच्या आणि काय दिसले ते तारीख घालून लिहायचे. भिंत सरकली की काच तडकते.

"नुसतं काचेचंच नको, आजी. पाऊस, जनावरं, आजूबाजूला काहीही बदललं तरी लिहा. काय उपयोगी पडेल सांगता येत नाही."

"आजी म्हणू नका. मला नातवंडं नाहीत."

"सॉरी, मॅडम."

एकतीस वर्षे औषधांच्या कारखान्यात मालाची तपासणी केली. नोंद कशी ठेवतात हे मला कुणी शिकवायला नको.

भिंत धोक्याची ठरली तर गोठा रिकामा करावा लागेल. म्हणजे अकरा गाई, एक बैल आणि मामा. मामा हे आमचे गोठेवाले, गोठ्याच्याच टोकाच्या खोलीत अडतीस वर्षे राहतात. ते कुणाचेच मामा नाहीत, पण लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणतात.

पट्टी १, २, ३ अखंड. आभाळ स्वच्छ.

गुरुवार, ता. ५

पट्ट्या अखंड.

बाईंना इमारतीचे वर्णनही हवे आहे. गोठा टेकडीला पाठ लावून बांधलेला आहे, दीडशे वर्षांपूर्वी, सगळा दगडात. खाली जनावरे, वर वैरणीचा माळा. चढाच्या बाजूने गाडी थेट माळ्यावर जाते, वैरण वर चढवावी लागत नाही. बांधणाऱ्याला डोके होते. दोन गाईंच्या मध्ये एकेक उभी शिळा आहे. गाईंच्या खांद्याच्या उंचीवर प्रत्येक शिळा तेल लावल्यासारखी गुळगुळीत झाली आहे. दारापाशी एका दगडात कोरलेली पाण्याची डोण, तिच्यात झऱ्याचे पाणी येते. बैलाच्या आवाराच्या भिंतीत एक उभी फट आहे. बैल अंगावर आला तर माणसाने अंग तिरके करून निसटावे म्हणून ठेवलेली. त्या फटीतून मी निसटते. आमचा गवंडी निसटत नाही, त्याने करून पाहिले आहे.

मी इथे आले त्याला आठ महिने झाले. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, झटका आला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. कॉलेजात जायला मिळाले ते मला, जमीन मिळाली ती दादाला. आता दोन्ही मीच पाहते. आले तेव्हा गोठ्याची अवस्था बघवत नव्हती. कोळिष्टके काढली, गव्हाणी घासून घेतल्या, दाराला जाळी बसवली. मागच्या भिंतीला पायाशी, जमिनीपासून वीतभर वर, मूठ जाईल एवढी सतरा भोके होती. त्यांतून घुशी, विंचू आणि ओल आत येत होती. गवंड्याकडून सिमेंटने भरून घेतली आणि वरून चुना फिरवला. तेव्हापासून जमीन कोरडी ठाक आहे.

त्या वेळी मामा म्हणाले होते, "ताई, त्या भोकांना हात लावू नका."

"का?"

"ठेवलीत म्हणून."

हे काय कारण झाले? मी दोनदा विचारले. मामा एक गोष्ट दोनदा सांगत नाहीत. तशी त्यांची ख्यातीच आहे आणि तिचा त्यांना अभिमानही असावा.

शनिवार, ता. ७

रात्रीपासून पाऊस. पट्ट्या अखंड.

गवंडी येऊन बघून गेला. भिंतीवरून हात फिरवत म्हणाला, "ताई, हिला पोट आलंय."

"मलाही दिसतंय."

"माझ्या बायकोसारखी आहे ही. बोलत काही नाही, नुसती फुगत जाते. एक दिवस घर डोक्यावर घेईल."

मी हसले नाही. मामा गाईखाली बसले होते, ते धारेवरचा हात न थांबवता म्हणाले, "तुझी बायको फुगते ती तुझ्यामुळं." गवंडी हसला आणि मग का कोण जाणे, एकदम छत्री घेऊन निघून गेला.

दादाचे नवीनच सुरू झाले आहे. पाणी पिऊन झाले की उरलेले ताटात ओततो आणि डाव्या हाताच्या बोटाने ते काठाकडे लोटत बसतो. काठावरून ओघळून चादर भिजली की माझ्याकडे बघतो. आज तीन वेळा चादर बदलली. डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू लहान मुलासारखे होईल. उद्या झाकणाचा पेला आणते.

सोमवार, ता. ९

पट्टी २ तडकली. बरोबर मधोमध, केसाएवढी रेघ. पाऊस तिसऱ्या दिवशीही चालूच.

कारणही सापडले. बैल भिंतीला अंग घासतो. मी स्वतः पाहिले, पंधरा मिनिटांत सहा वेळा. एवढे धूड रोज भिंतीवर रेलले तर दुसरे काय होणार? मामांना विचारले, बैल तिथेच का बांधता?

"त्याची जागा ती आहे."

"भिंत हलतेय, मामा."

"बैल आजचा नाही, ताई."

त्यांना आपली चूक कबूल करायची नाही, एवढाच याचा अर्थ.

मंगळवार, ता. १०

इंजिनिअर बाई आल्या. तडकलेल्या पट्टीचा फोटो काढला. मला विचारले, "मागून पाणी येत असेल ना? जायला वाट आहे?"

मी म्हटले, बाहेरची चर साफ आहे, मी स्वतः उपसून घेतली आहे. तसे आहेच.

मग मामांकडे वळून म्हणाल्या, "मामा, तुम्ही सगळ्यात जुने. तुम्हाला काय वाटतं, कशानं झालं असेल?"

मामांनी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "घरच्यांना विचारा."

असे उडवाउडवीचे उत्तर देणारा माणूस काहीतरी लपवत असतो, हे मला तपासणीच्या खात्यात पहिल्याच वर्षी कळले होते.

दादा झाकणाचा पेला तोंडाला लावत नाही. मामा संध्याकाळी येऊन तासभर त्याच्या पलंगाशी बसतात. मामांच्या हातून मात्र तो उघड्या पेल्याने पाणी पितो आणि सांडत नाही. माझ्यासमोरच हा हट्ट.

शुक्रवार, ता. १३

भाचीचा फोन. दादाची एकुलती एक लेक, लांब शहरात असते. तिचे म्हणणे सरळ आहे: जनावरे काढा, कार्यालयाच्या मदतीने इमारत नीट करा, लोक येऊन राहतील असे काहीतरी करा.

"आणि मामा?"

"आत्या, मामांचं वय बघ. किती दिवस शेण काढणार ते? त्यांच्याही मणक्याला सुटी मिळेल."

मी कार्यालयाला पत्र लिहून लगेच माणसाहाती धाडले. बैल भिंतीला बांधला जातो, सांगूनही जागा बदललेली नाही, गोठेवाल्यांकडून हेळसांड झाली आहे. जे पाहिले ते लिहिले. एक शब्द वाढवला नाही.

पट्टी १ आणि ३ अखंड.

सोमवार, ता. १६

गोठा रिकामा करण्याचा कागद शनिवारी आला, आज रिकामा झाला. टेकडीपलीकडे बंद पडलेल्या दगडखाणीत पत्र्याची शेड आहे, खाणमालकाने ती द्यायचे कबूल केले. मामा जनावरांबरोबर तिकडेच राहणार. सामान म्हणजे एक पेटी, एक घोंगडे, एक कंदील.

गाई एकामागून एक निघाल्या. सगळ्यांत जुनी गाय, तिला म्हातारीच म्हणतात, उंबऱ्याशी अडली. दूध देणे तिने कधीच सोडले आहे. अशी गाय का पोसायची हे मी मामांना पूर्वीच विचारले होते. मागून ढकलले तरी पाय उचलेना. मामांनी कुणाला ढकलू दिले नाही. तिच्या शेजारी उभे राहिले, मानेवर हात ठेवून, अर्धा तास. मग ती आपण होऊन निघाली.

जाताना मामांनी खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "बघून घ्या," एवढेच म्हणाले. मी खोली पाहिली. झाडलेली होती.

मंगळवार, ता. १७

पट्ट्या कालच्यासारख्या. गोठा धुऊन काढला. आवाज घुमतो.

दादाने जेवण परत पाठवले. दूध आता बाहेरचे येते, त्याची चव लागत नसेल.

गुरुवार, ता. १९

मामा सकाळी मोठा कॅन घेऊन आले, डोणीतले पाणी भरले आणि टेकडी चढून गेले. कालही आले होते. खाणीवर नळ आहे हे मला ठाऊक आहे. मी पाहिले नाही असे दाखवले. बहुधा माझ्यावर लक्ष ठेवायला येतात.

रात्रभर पाऊस झाला.

शुक्रवार, ता. २०

पट्टी ३ तडकली.

ही नोंद पुन्हा एकदा लिहिते. पट्टी ३ तडकली. गोठ्यात बैल नाही. चार दिवस झाले, बैल टेकडीपलीकडे आहे.

शनिवार, ता. २१

कारखान्यात एक नियम होता. ज्याला कारण धरले ते काढून टाकल्यावरही माल बिघडतच राहिला, तर ते कारण नव्हते. मग मागे जायचे आणि काय बदलले ते नोंदीत शोधायचे. ही वही पहिल्यापासून वाचली. ता. ५ ला थांबले. पाऊस टेकडीवर पडतो, टेकडी गोठ्याच्या पाठीला लागून आहे, आणि माझी जमीन कोरडी ठाक आहे.

छिन्नी-हातोडा घेऊन गेले. चुन्याखाली भोक शोधायला हात फिरवावा लागला. पहिले सिमेंट निघायला पाऊण तास लागला. गोळा हलला आणि मागून पाण्याने तो बाहेर फेकला. थोडेथोडके नाही, मनगटाएवढी धार, तांबडी, गार, मातीच्या वासाची. माझ्या पायावरून वाहत मोरीकडे गेली. मी बाजूला झाले नाही. धार कमी व्हायला वीस मिनिटे लागली. मग दुसरे उघडले.

गवंड्याला निरोप धाडला. तो आला, दाराशीच उभा राहून पाणी बघत राहिला.

"तुला माहीत होतं?" मी विचारले.

"संशय होता, ताई."

"मग बोलला का नाहीस?"

"भरताना बोललो होतो की. तुम्ही म्हणालात, तुला सांगितलं तेवढं कर." मग पायांकडे बघत म्हणाला, "आणि भरली तर मीच ना."

म्हणाला असेल. माझ्या लक्षात नाही. तसे म्हटले असेल, तर ते मीच म्हटले असणार. ते वाक्य माझेच आहे.

संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून सोळा उघडली. सतरावे शेवटच्या गव्हाणीखाली. तिथली वैरण बाजूला केली तर भोक उघडेच होते. कडेला छिन्नीचे घाव, जुने, काळे पडलेले. खाली पाण्याने दगडावर शेवाळ धरले आहे. इतके महिने ते एकटेच वाहत होते.

गवंडी म्हणाला, "हे उघडं नसतं तर पहिल्याच पावसात भिंत गाईंच्या अंगावर आली असती."

मामांनी एकदा सांगितले. मी ऐकले नाही. दुसऱ्यांदा सांगितले नाही, पण छिन्नी घेतली, आणि वर वैरण लोटून ठेवली, मला दिसू नये म्हणून.

रविवार, ता. २२

दादाला सांगितले. पलंगाशी बसून, पहिल्यापासून. तो माझ्या हातांकडे पाहत होता. नखांत सिमेंट होते. झाकणाचा पेला मी उचलून नेला आणि साध्या भांड्याने पाणी दिले. ते सगळे तो प्यायला. ताटात एक थेंब ओतला नाही. मग डोळे मिटून घेतले. त्याला किती दिवस मला सांगायचे होते याचा हिशेब मी करणार नाही.

भाचीला फोन केला.

"आत्या, हे तू कुणाला सांगितलंस?"

"दादाला. आणि गवंड्याला माहीत आहे."

"बस. तिथंच थांब. आपणच भोकं बुजवली असं कळलं तर मदत मिळणार नाही, उलट नोटीस येईल. आता उघडलीत ना? झालं तर. वहीची चार पानं गेली म्हणून कुणाला काय कळतंय?"

"आणि मामांचं नाव?"

"मामांना कुठं नोकरी शोधायचीय आता?"

मी फोन ठेवला. वही शिवलेली आहे. ता. ५ चे पान काढले तर ता. १८ च्या सुमाराचे कोरे पान सुटते, इतकेच. दोरा ढिला होतो की नाही ते बोटाने ओढून पाहिले. होतो. हे लिहायची गरज नव्हती, पण झाले ते झाले.

मंगळवार, ता. २४

टेकडी चढून खाणीवर गेले. दोनदा बसावे लागले. मामा शेडबाहेर दगडावर बसले होते. शेजारी ताज्या मातीचा ढीग.

"काल पहाटे गेली," ते म्हणाले. "म्हातारी."

"आजारी होती?"

"नाही. इथलं पाणी पीत नव्हती. मी डोणीतलं आणत होतो ते प्यायची. पण कॅनमधलं किती पुरणार? आणि खायचं तर तिनं इथं आली त्याच दिवशी बंद केलं होतं."

मला जे सांगायचे होते ते मी उभ्यानेच सांगितले. भोकांचे, पत्राचे, पत्रात हेळसांड हा शब्द लिहिला त्याचे. ते ऐकत होते की नाही कळले नाही.

"बाईंनी विचारलं तेव्हा तुम्ही का नाही सांगितलंत?"

"दादांच्या घरचं बाहेरच्यांना सांगू?"

"मी दादा नाही, मामा."

"ते दिसतंय," ते म्हणाले. मग मला बसायला दुसरा दगड पुढे केला. मी बसले. बाकीच्या गाई माझ्याकडे बघत होत्या आणि मला त्यांच्याकडे बघता येत नव्हते.

गुरुवार, ता. २६

इंजिनिअर बाई आल्या. मी भोके दाखवली, मग वही उघडून ता. ५ चे पान समोर ठेवले. त्यांनी दोनदा वाचले.

"मॅडम, हे मला वर कळवावं लागेल."

"त्यासाठीच दाखवलं."

"मदत बहुतेक नामंजूर होईल."

"होऊ दे. गोठेवाल्यांवर जो ठपका ठेवला, तो लेखी काढून टाका. तोंडी नको."

त्यांनी भिंतीला ओळंबा लावला, टेकडीच्या बाजूला खणून पाहिले. पाणी उतरले आहे. पश्चिमेकडचा भाग उतरवून पुन्हा रचावा लागेल, त्याच दगडांनी, चुन्यात, एक हंगाम जाईल. पूर्वेकडचा भाग टेकू देऊन वापरता येईल. जनावरे तिथे बांधता येतील, दाटीने. बैलही.

जाताना म्हणाल्या, "तुमच्यासारखी नोंद आमच्या कार्यालयातसुद्धा कुणी ठेवत नाही." कौतुक असावे. मला ते घेता आले नाही.

शनिवार, ता. ५ (पुढचा महिना)

भाचीशी बोलणे बंद आहे. मदत नामंजूर झाल्याचा कागद परवा आला. गवंडी म्हणतो, मजुरीचं मागाहून बघू, त्यातली निम्मी चूक माझी.

आज काय दिले आणि काय घेतले त्याची नोंद. वही नेण्यासाठी बाई दुपारी येणार आहेत, म्हणून सकाळीच लिहिते.

इंजिनिअर बाईंना: ही वही, सगळी पाने, मोजून घ्यावीत. ता. १३ च्या माझ्या पत्राची नक्कल, तिच्यावर माझ्या हाताने मारलेली रेघ आणि सही. काचेच्या पट्ट्या तीन, एक अखंड, दोन तडकलेल्या. सिमेंटचे गोळे सोळा, पोत्यात, प्रत्येकावर भोकाचा क्रमांक.

मामांना: खोलीची, माळ्याची आणि फाटकाची किल्ली. ते हयात असेपर्यंत खोली त्यांची असल्याचा कागद. खाली दादाच्या डाव्या हाताचा अंगठा. तो त्याने स्वतः उमटवला, मी फक्त शाई धरली.

मामांकडून: बैल एक. गाई दहा.

एवढे लिहून मी वही मामांपुढे सहीसाठी धरली. ते सावकाश वाचतात. बोट शेवटच्या ओळीवर थांबले.

"अकरा नेल्या होत्या. ते लिहा."

"आल्या दहाच, मामा."

"दोन्ही लिहा. अकरावी कुठं आहे तेही लिहा. उद्या कुणी वाचलं तर त्याला वाटेल मी विकली."

म्हणून दुरुस्ती: गाई नेल्या अकरा, परत आल्या दहा. अकरावी, म्हातारी, टेकडीपलीकडे खाणीच्या शेडबाहेर पुरली आहे. कारण मी.

मामांनी शेवटच्या दोन शब्दांवर बोट ठेवले. "हे लिहायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

त्यांनी पेन घेतले आणि सही केली. खोडायला सांगितले नाही.